ब्राम्सची राहिलेली बाजू

"गप्प. आता बघ, दुसरी सरकेल," टाचणी म्हणाली.

तिघंही फरशीवर उताणी पडून छताकडे बघत होती. वरच्या घरात घर्र् करून एक खुर्ची सरकली. थोड्या वेळाने दुसरी सरकली. मग काहीच नाही.

"झालं. आता तासभर चिडीचूप. मग दोन्ही खुर्च्या परत जागेवर. रोज दुपारी हेच. आणि वर राहतात एकटे आजोबा."

"एकीवर पाय ठेवत असतील," वकील म्हणाला.

"मग परत कशाला सरकवतात?"

"केर काढायला."

"रोज? दुपारी?"

"मनाई आहे का?"

वकील हा टाचणीचा मावसभाऊ. त्याला 'जेवायला चल' म्हटलं तरी तो आधी 'का' विचारायचा, म्हणून वकील. टाचणी नावासारखीच, बारीक आणि टोचणारी. तिचा धाकटा भाऊ बोका. त्याला जिथे टेकवाल तिथे तो झोपायचा. आत्ताही छत बघता बघता त्याचे डोळे मिटत होते.

टाचणी आणि बोक्याला सुट्टीभर मावशीकडे पाठवलं होतं. आईला नव्या गावात नोकरी लागली होती आणि तिथे अजून घर मिळालं नव्हतं. 'मजा करा' असं सांगून आई गेली. पाठवणाऱ्याचं सांगायला काय जातं? मावशी सकाळी लाँड्रीत जायची ती संध्याकाळी यायची, इस्त्रीच्या वाफेने लाल होऊन, आणि चपला काढायच्या आत विचारायची, "आज काय फोडलंत?" मजल्यावर चार दारं होती आणि चारही बंद. जिन्यात कुणी भेटलंच तर ते आधी आपलं कुलूप ओढून बघायचं आणि मग हसायचं. टाचणीने पहिल्या आठवड्यात सगळ्यांना नमस्कार करून पाहिला. मग सोडून दिला.

"मी वर जाऊन विचारणार," ती उठत म्हणाली.

"काय विचारणार? 'आजोबा, तुमच्याकडे खुर्च्या किती?'"

"चेंडू आलाय का म्हणून विचारू."

वरचं दार उघडलं. आजोबा उंच, वाकलेले, शर्टाची सगळी बटणं लावलेले.

"आमचा चेंडू तुमच्या गॅलरीत आलाय का?"

"खालून वर?"

"आम्ही जोरात फेकतो," बोका जांभई देत म्हणाला.

आजोबांनी तिघांकडे नीट पाहिलं. "चेंडू नसेल. बिस्किटं आहेत. या."

खोलीत एक अख्खी भिंत रेकॉर्ड्सची होती. पुस्तकांसारख्या उभ्या, अंगाला अंग लावून. समोर रेकॉर्ड प्लेअर, त्यावर धुतलेला रुमाल झाकलेला. आणि प्लेअरसमोर दोन खुर्च्या. एकीच्या उशीला बसून बसून खळगा पडला होता. दुसरीवर रेकॉर्डचं एक कव्हर उभं ठेवलेलं.

"ही सगळी गाणी?" बोक्याची झोप उडाली.

"गाणी थोडी. बाकी नुसती वाद्यं. बाख, बीथोव्हेन, शूमान, ब्राम्स. सगळे जर्मन." आजोबा बिस्किटांचा डबा शोधत होते. "मी दातांच्या कवळ्या बनवायचो. दिवसभर लोकांचे दात, आणि सुट्टीच्या दिवशी जुना बाजार. कुणाचं घर रिकामं झालं की रेकॉर्ड्स तिथे यायच्या. बायको म्हणायची, तुमचे सगळे दोस्त मेलेले, दाढीवाले आणि जर्मन. त्यांना चहा तरी द्यावा लागत नाही, तेवढं बरं."

टाचणी हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नसावं. आजोबांनी दचकून वर पाहिलं.

मग त्यांनी रेकॉर्ड कशी धरायची ते दाखवलं. दोन तळहातांमध्ये, फक्त कडांवर, खाचांना बोट न लावता. आणि परत कशी ठेवायची तेही. आतल्या कागदी पिशवीचं तोंड वर, बाहेरच्या कव्हरचं तोंड बाजूला. म्हणजे धूळ आत जात नाही आणि रेकॉर्ड घरंगळून पडत नाही.

"मग आता एक लावा ना," वकील म्हणाला.

"लावत नाही मी."

"बिघडलंय का?"

"नाही."

"मग का?"

"वकिला," टाचणीने त्याला कोपर मारलं.

पण आजोबांनी सांगितलं. त्यांचा दोघांचा एक नियम होता. नवी आणलेली रेकॉर्ड पहिल्यांदा कुणी एकट्याने ऐकायची नाही. मागल्या हिवाळ्यात त्यांनी ब्राम्सची एक रेकॉर्ड आणली, व्हायोलिन आणि पियानोची. पहिली बाजू दोघांनी ऐकली. आजोबा रेकॉर्ड पलटायला उठले, तेव्हा बायको म्हणाली, दमानं घ्या, मला जरा कसंतरी होतंय. मग दवाखान्याची गाडी आली. ती गेली ती परत आली नाही.

"दुसरी बाजू राहिली. ती ऐकल्याशिवाय पुढची कुठली लावू? रोज खुर्च्या मांडतो, कव्हर वाचतो आणि ठेवून देतो. एकट्याने ऐकायची नाही असं ठरलेलं."

बिस्कीट खाताना बोका थांबला. "पण आम्ही तिघं आहोत," तो म्हणाला.

आजोबांनी रुमाल काढून त्याची घडी केली, खुर्चीवरच्या कव्हरातून रेकॉर्ड काढली आणि चष्मा न शोधताच प्लेअरवर ठेवली. सुई त्यांनी अलगद टेकवली.

खरखर झाली. आणि एक माणूस कडक आवाजात म्हणाला, "पाय जुळवा. पाठ ताठ. आता हात वर. एक, दोन. गुडघे वाकवू नका."

वकिलाला हसू आलं आणि त्याने ते तोंडातच दाबलं. आजोबा उभेच होते. माणूस पुढे म्हणाला, "छान. आता उलट बाजूने."

आजोबांनी सुई उचलली. चष्मा लावून लेबल वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे ब्राम्स नव्हे," ते हळू म्हणाले. मग खुर्चीत बसले. "भाचा म्हणतो ते खरं असणार. मी त्याला म्हटलं होतं, कप्प्यातल्या रेकॉर्ड्स हलल्यात. तर म्हणाला, मामा, तुम्हीच हलवता आणि तुम्हीच विसरता. मीच कुठेतरी ठेवली असेन. ही व्यायामाची कुठून आणली तेही आठवत नाही बघा. तुम्ही जा आता, बाळांनो."

जिना उतरताना शेवटच्या पायरीवर टाचणी म्हणाली, "आतली पिशवी आडवी होती."

"काय?"

"पिशवीचं तोंड कव्हरच्या तोंडाशीच होतं. आजोबा काढत होते तेव्हा मी बघितलं. ते तर वर ठेवतात. म्हणजे ती त्यांनी ठेवलेलीच नाही."

"एखाद्या वेळी चुकलं असेल," वकील म्हणाला. मग स्वतःच थांबला. "बाकीच्या बघायला हव्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंत धुंडाळली. आजोबा नको नको म्हणत होते, पण दार मात्र त्यांनी लगेच उघडलं होतं. आणखी काही पिशव्या आडव्या निघाल्या. बाखच्या कव्हरात टायपिंग शिकवणारी बाई, बीथोव्हेनच्या कव्हरात पुन्हा तोच गुडघेवाला.

"घरात कोण कोण येतं?" टाचणीने विचारलं.

"लादी पुसायला बाई. आणि रविवारी भाचा, ब्रेड घेऊन. आणखी कोण येणार?"

आधी बाईंची परीक्षा झाली. बोक्याने त्यांच्यापुढे एक रेकॉर्ड धरली. "मावशी, एवढी कव्हरात घालता?"

"ओल्या हातानं? तुझ्या आजोबांचा ओरडा कोण खाईल? मी त्या भिंतीला फडकंसुद्धा लावत नाही. सरक, पाय उचल."

रविवारी भाचा आला. दुकानं आणि हॉटेलं सजवून द्यायचा त्याचा धंदा. बुटांचा आवाज त्याच्या आधी आत आला.

"अरे वा, मामा, गोकुळ भरलंय की."

आजोबा चहा टाकायला आत गेले. टाचणीने साळसूद तोंड केलं. "काका, ही रेकॉर्ड जरा आत घालता? आम्हाला जमत नाही."

"त्यात काय जमायचं?" त्याने रेकॉर्ड ताटासारखी धरली, अंगठे थेट खाचांवर. पिशवीत सरकवली, पिशवी कव्हरात सारली, आडवी. टाचणीकडे देताना कव्हर कलतं झालं आणि रेकॉर्ड घरंगळत सरळ बोक्याच्या मांडीवर आली.

"साक्षीदार स्वतःच बाहेर आला," वकील म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे ब्राम्स कुठे आहे?" टाचणीने विचारलं.

भाच्याने आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हळू बोल. हे बघ, मामा काही वाजवत नव्हते. नुसती कव्हरं बघत बसायचे. मी एका कॉफीच्या दुकानाचं काम घेतलंय. रेकॉर्ड्सची घड्याळं केली भिंतीवर. लोक फोटो काढतात."

"आणि व्यायाम कशाला भरला?"

"कव्हर हलकं लागलं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

"आणि 'तुम्ही विसरता' म्हणालात, ते ऐकून बरं वाटलं असेल?"

मोठ्या माणसाला लहानांसमोर लाज वाटली की तो आधी रागावतो. भाचाही रागावला, पण त्याला ते नीट जमलं नाही.

"दुकान कुठे आहे तेवढं सांगा," वकील म्हणाला. "नाहीतर आम्ही आजोबांसमोर विचारू. दोन्ही चालेल."

कॉफीचं दुकान दोन रस्ते पलीकडे होतं. भिंतभर काळी घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. वकील खुर्चीवर चढून काट्यांच्या मागची लेबलं वाचू लागला. एकावर ब्राम्स सापडला.

"उतर," मालकीणबाई गल्ल्यामागून म्हणाल्या. "कॉफी घ्यायची तर घ्या."

"आम्हाला ते घड्याळ हवंय. त्या रेकॉर्डचे मालक दुसरेच आहेत."

"मी रीतसर करून घेतलंय काम. तुझ्या म्हणण्यावर भिंतीला भगदाड पाडू?"

टाचणीने पिशवीतून दुसरी रेकॉर्ड काढली. "भगदाड कशाला? ही लावा. तितकीच काळी, तितकीच गोल. डोळे मिटून हात लावून बघा, आकडे-काटे सोडून फरक सांगता आला तर आम्ही निघून जातो."

बाईंनी गंमत म्हणून खरंच डोळे मिटले, दोन्हींवरून हात फिरवला. "हिच्यात काय आहे?"

"गुडघे न वाकवता हात वर करायचे."

बाई हसल्या त्या थांबेनात. "माझी कंबर धरलीये, मलाच उपयोग होईल. घे जा तुझं. आणि ज्याने हे काम केलं त्याला म्हणावं, नवे आकडे फुकट चिकटवून दे."

आजोबांच्या टेबलावर घड्याळ ठेवलं. भाच्याला टाचणीनेच बोलावून आणलं होतं. नट सोडवला तो त्याने. मग समोर उभा राहून म्हणाला, "मामा, तुम्ही काही विसरत नाही. मी नेल्या. बाकीच्याही आणून देतो."

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "तू 'विसरता' म्हणालास त्या दिवसापासून मी गॅस दोनदा बंद करतोय. कुलूप लावून जिना उतरतो आणि परत वर येऊन बघतो. नळ, खिडकी, स्वतःचं नाव. तुला ठाऊक होतं?"

"नाही, मामा."

"विचारायचं होतंस."

आकडे चिकटवले होते ते पहिल्या बाजूवर. आजोबांनी एक आकडा नखाने उचलला. गोंदाबरोबर खाचांचा चुरा आला. सगळ्या बाजूचं तेच झालं असतं. ती बाजू आता कुणालाही ऐकू येणार नव्हती. बोक्याला रडू फुटलं.

"पलट," आजोबा म्हणाले.

दुसरी बाजू भिंतीकडे होती. तिच्यावर नुसती धूळ. मधलं भोक मात्र कानशीने मोठं केलेलं, रेकॉर्ड डगमगत होती. आजोबांनी कागदाची बारीक पट्टी कापली आणि प्लेअरच्या खुंटीभोवती गुंडाळत गेले, एक वेढा, अर्धा वेढा, पुन्हा सोडून पुन्हा, कवळी बसवावी तशी. उरलेले आकडे त्यांनी पात्याने सपाट तासून टाकले. मग सुई टेकवली.

व्हायोलिन सुरू झालं. आधी एकटंच, मग मागून पियानो.

मध्येच मावशी दारात आली, लाँड्रीच्या वासासकट, कमरेवर हात ठेवून. "काय फोडलंत?" एवढं विचारायला तोंड उघडलं होतं तिने. वकिलाने ओठांवर बोट ठेवलं. आईला गप्प करायची त्याची ती पहिलीच वेळ. मावशी भिंतीला टेकून उभी राहिली ती शेवटपर्यंत. मुलांना त्यातलं फारसं काही कळलं नाही. बोका झोपला. टाचणीला मात्र आईची आठवण आली, का ते तिला सांगता आलं नसतं.

बाजू संपली. आजोबांनी सुई उचलली आणि डोळे पुसले, लपवले नाहीत.

मावशीने खालच्या आवाजात सगळी हकिगत ऐकून घेतली. मग भाच्याकडे पाहून म्हणाली, "एवढ्याशा पोरांना कळलं आणि तुम्हाला एवढे मोठे बूट घालून कळेना." आणि टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या आईला फोन करते आज. सांगते तिला, पोरगी वाया नाही जायची." मावशीकडून हे म्हणजे फारच झालं. तो हात तिने लवकर काढलाही नाही.

"पण पहिली बाजू गेली," टाचणी म्हणाली. "कशी होती ती?"

"एकदाच ऐकली मी."

"मग नाही आठवणार."

आजोबांनी गुडघ्यावर बोटाने ताल धरला आणि गुणगुणायला लागले. आवाज फाटका, वरच्या पट्टीत पोचत नव्हता. मध्येच ते थांबले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, विसरले. पण बोट चालूच होतं.

"इथे नुसता पियानो आहे," ते म्हणाले आणि तो संपेपर्यंत थांबून पुढचं गाऊ लागले.