वाटाण्याएवढं मलम

पहिल्या दिवशी तिने त्याचं एक अक्षरही ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मुरुमांसाठी लिहून दिलेली रेटिनॉइडची ट्यूब हातात धरून तो नवा फार्मासिस्ट बरंच काही समजावत होता, आणि ही त्याच्या गालावरच्या खळीकडे पाहत नुसती मान डोलावत होती.

घरी तिने कुठलीही ब्युटीशियन करेल तेच केलं. आधी वाफ घेतली, मग बोटभर मलम फेशियलसारखं खालून वर चोळलं, तेही रोज रात्री. आठवड्याभरात चेहरा लालबुंद झाला, नाकाशेजारी पापुद्रे सुटले. ती कामाला होती त्या पार्लरच्या मालकीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, महिनाअखेर चेहरा निवळला नाही तर गिऱ्हाइकांसमोर दुसरी मुलगी बसेल.

ती मास्क लावून पुन्हा त्याच्या औषधांच्या दुकानात गेली.

"मास्क काढता का?"

"हसाल…"

"हसलो तर पुढची ट्यूब माझ्याकडून."

तो हसला नाही, आणि त्याने नजरही वळवली नाही. तेवढ्यानेच तिचे डोळे भरून आले. त्याने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला. कातडी शांत होईपर्यंत मलम बंद, फक्त साधं मॉइश्चरायझर, असं त्यांनी सांगितलं. मग सुरुवात आठवड्यातून दोनदाच. रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडून. दिवसा सनस्क्रीन. स्क्रब नाही, चेहऱ्याला वॅक्स नाही. सुरुवातीला मुरूम थोडे वाढले तरी घाबरायचं नाही, फरक दिसायला महिने लागतात.

या वेळी तिने कान देऊन ऐकलं. खळीकडेही पाहिलंच म्हणा.

मग कधी कापूस संपायचा, कधी सनस्क्रीन, आणि ती दुकानात हजर. मुरूम उसळले तेव्हा ती रडकुंडीला आली, तर "औषध कामाला लागलंय, तुम्ही दमानं घ्या," एवढंच तो म्हणायचा. महिनाअखेर चेहरा बराच निवळला आणि तिची खुर्ची तिच्याकडेच राहिली. ही बातमी तिने आईच्याही आधी त्याला सांगितली.

"तुमचे उपकार कसे…"

"एक विचारायचं राहिलं," तो पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसत म्हणाला. "पुढे लग्न… म्हणजे बाळाचा विचार असेल, तर हे मलम त्याआधीच बंद करून डॉक्टरांशी बोलावं लागतं. म्हणून… कुठे ठरलंय का?"

"हे सगळ्यांना विचारता?"

"सूचना सगळ्यांना देतो. प्रश्न… तुम्हालाच."

दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे उजळवणाऱ्या तिच्याकडे इतक्या मायेने कुणी पाहिलं नव्हतं. मनापासून कृतज्ञ वाटलं तिला, त्या बिघडलेल्या चेहऱ्याबद्दलसुद्धा.

"ठरलं नाही. रविवारी आई घरी असते… पण डाग जायला अजून वेळ आहे हं."

"डागांची मला घाई नाही," तो म्हणाला. "रविवारची आहे."