वजन म्हणजे वजन

"धरा."

एवढंच म्हणून तिने सलाइनची बाटली त्याच्या हातात दिली. स्टँडचं चाक नेमकं आत्ताच निखळलं होतं, खाटेवरच्या आजींच्या हाताला सुई होती, आणि शेजारी हा उंच, चष्मेवाला माणूस रिकाम्या हाताने उभा. वॉर्डात रिकामा हात तिला बघवत नसे.

"अहो, पण मी—"

"वर धरा. आणखी वर. खाली आली तर रक्त नळीत उलटं चढेल, मग माझ्याकडे बघू नका."

त्याने हात वर केला आणि तसाच उभा राहिला. तिने आजींची कूस बदलली, पाठीला पावडर लावली, ओठ ओल्या कापसाने टिपले आणि मग सावकाश दुसरा स्टँड ढकलत आणला.

"नातू का यांचे?"

"नाही. मी... अ‍ॅप तपासायला आलोय. तुमच्यावर किती काम पडतं, ते मोजायला."

"मग? मोजलंत?"

"घड्याळ खिशात होतं. हातात बाटली."

"खांदा दुखतोय ना? तेवढं तरी टाका त्यात." ती हसली नाही. पण अंबाड्यात खोचलेलं पेन काढता काढता गालात काहीतरी हललं खरं. त्याने ते टिपलं. मोजणं हेच काम, टिपणारच.

त्या वॉर्डाची मुख्य सिस्टर ती. सगळं हॉस्पिटल तिला 'फौजदार' म्हणायचं, आणि तिलाही ते आवडायचं. चहा होईपर्यंत तिने त्याचंही बारसं उरकलं : मोजणीवाला.

मामला साधा होता. कुठल्या वॉर्डाला किती नर्स द्यायच्या, हे आता अ‍ॅप ठरवणार. अशी दोन अ‍ॅप दारात येऊन उभी होती. एक नुसत्या भरलेल्या खाटा मोजायचं. दुसरं, प्रत्येक पेशंटला किती काळजी लागते ते बघायचं. कुठलं घ्यायचं, हे मोजणीवाल्याने सांगायचं. आणि त्या दुसऱ्या अ‍ॅपचा पहिलाच निकाल असा, की फौजदाराच्या वॉर्डात काम हलकं आहे, तिच्या दोन नर्स उचला आणि हाडांच्या वॉर्डात पाठवा. शुक्रवारी दुपारच्या बैठकीत मेट्रनबाई, म्हणजे सगळ्या नर्सांच्या प्रमुख, त्यावर शिक्का मारणार होत्या.

"माझ्या पोरी पळवल्यात," ती चहाचा कप त्याच्यापुढे आपटत म्हणाली, "तर गाठ माझ्याशी आहे."

"गाठ तर पडलीच आहे," तो कपात बघत म्हणाला.

तिने मुद्दाम साखर घातली नव्हती. त्याने तसाच संपवला आणि वर आणखी मागितला. आता अशा माणसाचं काय करायचं?

शुक्रवारी सकाळी हुकूम आला, बैठकीपर्यंत दुसरं अ‍ॅप सांगेल तसंच काम करून बघा. फौजदाराचे डोळे लकाकले. हुकूम म्हणजे हुकूम. अ‍ॅपने खिडकीशेजारच्या पहिलवानाला एक नर्स पूर्णवेळ दिली होती, तिने दिली. आजींच्या वाट्याला कोणीच नव्हतं, तिथे ती स्वतः ठाण मांडून बसली.

थोड्या वेळाने पहिलवानाने खुणेने मोजणीवाल्याला जवळ बोलावलं. माणूस दारात मावणार नाही एवढा, आणि ऑपरेशन झालं होतं पायाच्या अंगठ्याचं.

"साहेब, खरं सांगा. मला काय झालंय?"

"अंगठा."

"मग ही ताई सकाळपासून उशाशी का उभी आहे? चार वेळा उशी सरळ केली हो. काल रात्री घरच्यांशी नीट बोललोसुद्धा नाही मी." त्याने मोजणीवाल्याची बाही घट्ट धरली. "डॉक्टर काय लपवतायत?"

मोजणीवाल्याने घाईघाईने टॅब उघडला. पहिलवान : एकशे अठरा. आजी : चौतीस. तो तसाच फौजदारापुढे जाऊन उभा राहिला.

"हे आकडे... किलोत आहेत?"

"मग कशात? रकान्यात स्पष्ट लिहिलंय, 'पेशंटचं वजन'. सगळ्या वॉर्डांनी मलाच फोन करून विचारलं, काय भरायचं? मी म्हटलं, वजन म्हणजे वजन. काट्यावर उभं करा. ज्याला उभं राहता येत नाही, त्याला उचलून घ्या आणि मग आपलं वजा करा."

तो मटकन स्टुलावर बसला. "वजन म्हणजे... भार. कामाचा भार. तुम्ही जड पेशंट म्हणता ना, तसं."

तिची नजर आजींच्या खाटेकडे गेली. जड पेशंट म्हणजे ज्याला भरवायचं, वळवायचं, एक क्षण नजरेआड करायचं नाही, तो. आजींसारखा. हाडांच्या वॉर्डात सगळे धडधाकट गडी, म्हणून तिथे काम भारी. आणि तिच्या वॉर्डातली झिजलेली, वाळलेली माणसं अ‍ॅपच्या लेखी हलकी.

"हा शब्द कोणत्या शहाण्याने घातला?"

"मी," तो म्हणाला. "अ‍ॅप इंग्रजीत होतं, रकान्यांची मराठी मी केली."

बैठकीत त्याने उभं राहून तेच सांगितलं. शब्द माझा, चूक माझी. ती लगेच उठली : सगळ्या हॉस्पिटलला काट्यावर मी चढवलं, विचारायला हवं होतं, चूक माझी. तो म्हणाला, माझीच. ती म्हणाली, तुम्ही बसा हो.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "चुकीवरून भांडताय, का लग्नाची बोलणी चाललीत? दुरुस्त करून आणा."

समोरच बसून केलं. वजनाचा रकाना गेला, 'काळजी किती' आला. पहिल्या दर्जाला 'स्वतःचं स्वतः करतो', शेवटच्याला 'एकट्याला सोडू नये'. पहिलवान पहिल्यात गेला, आजी शेवटच्यात. खाटा मोजणाऱ्या अ‍ॅपला दोघं सारखीच दिसत होती, त्याला तिथल्या तिथे नारळ मिळाला. आणि फौजदाराच्या दोन्ही पोरी जागच्या जागी राहिल्या.

संध्याकाळचं ऊन वॉर्डाच्या फरशीवर आडवं पडलं होतं, ओल्या फिनेलवर चमकत होतं. तो बॅग खांद्याला लावून आजींच्या खाटेशी आला.

"निघालात?"

"निघायचंय. पण..."

"पण काय?"

"जड जातंय."

"किलोत सांगा."

"काट्यावर मावत नाही."

तिने त्याच्या हातातला टॅब घेतला, अंबाड्यातलं पेन काढलं, ते इथे उपयोगाचं नाही हे लक्षात येऊन परत खोचलं, आणि बोटाने काहीतरी भरून टॅब त्याच्यापुढे धरला. नवा पेशंट : मोजणीवाला. दर्जा शेवटचा. एकट्याला सोडू नये.

त्याचे कान लाल झाले. "आणि... नर्स कोण?"

आजी डोळे मिटून पडल्या होत्या, पण ओठ हसत होते. पलीकडून पहिलवान उशी स्वतःच सरळ करत, मान लांब करून बघत होता.

फौजदाराने हात पुढे केला.

"धरा."

त्याने धरला. "किती वेळ?"

"मोजू नका," ती म्हणाली.