तोंडातल्या टाचण्या

नेहमीच्या शिंप्याच्या दुकानाला कुलूप होते, एवढ्याच कारणाने ती बहीणभावंडे समोरच्या टेलरबाईची पायरी चढली.

"भावाच्या शर्टांना टिचबटणं लावायचीत, एका हातानं दाबून लागतील अशी," बहीण म्हणाली. "अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात अजून ऐकत नाही आणि शब्द... बाजारात लिलाव पुकारायचा हो, दुसऱ्याला तोंड उघडू द्यायचा नाही. आता कळतं सगळं, सांगता येत नाही."

"मला... आधी..."

"निळा आधी द्या म्हणतोय."

त्याने डोळे मिटून घेतले. बहिणीचा जीव होता त्याच्यावर, म्हणूनच त्याचे एकही वाक्य त्याच्या वाट्याला येत नसे. टेलरबाईच्या नजरेतून ते सुटले नाही.

ओठांत टाचण्या धरून काम करण्याची तिची जुनी सवय. भुवईने 'वळा', हनुवटीने 'हात वर' असे सांगत ती माप घेऊ लागली. आजारानंतर प्रथमच त्याच्यासमोर कुणीतरी त्याच्याइतकेच गप्प होते. तो हसला. बोट रोखून म्हणाला, "मु... की."

तिने टाचण्या काढल्या. "कामापुरती. तुम्ही सावकाश बोला, मला घाई नाही."

त्यानंतर तो एकटाच येऊ लागला, दर खेपेला एकच शर्ट घेऊन.

"सगळे एकदम आणले तर कपाट रागावतं का?" ती विचारी.

"कपाट... नाही. मी... वि... विसरतो."

"खोटं मात्र झटकन सुचतं तुम्हाला."

शेवटचा शर्ट घ्यायला मात्र बहीणही आली. आता हा माणूस कोणत्या निमित्ताने येणार, या विचाराने टेलरबाईचे मन सकाळपासून कामात नव्हते. शिवण तपासण्याच्या मिषाने तिने शर्ट त्याच्या अंगावर चढवला.

"झालं, बाई. आता तुम्हाला त्रास नाही," बहीण म्हणाली.

"मला..."

"आभार मानायचेत त्याला."

"नाही."

टेलरबाईच्याही जिभेवर त्याचे वाक्य पुरे करणारा एक शब्द तयार होता. तिने तो गिळला, मूठभर टाचण्या ओठांत धरल्या आणि बहिणीला 'थांबा' म्हणून तळहात दाखवला. त्याच्या कपाळावर घाम आला. शब्द येत, अडत, मागे फिरत.

"शर्ट... नसला... तरी... येऊ?"

ती लगबगीने टाचण्या काढू लागली. दोन खाली पडल्या.

"हो म्हणतायत रे त्या," बहीण म्हणाली.

त्याने डावा हात वर केला. "थांब... ताई. त्यांना... बोलू दे." मग टेलरबाईकडे वळून तो म्हणाला, "सावकाश."

तिने शेवटची टाचणी मनगटावरच्या उशीत खोचली.

"या," ती म्हणाली. "पण चहा तुम्ही करायचा. डाव्या हातानं."