चौदावा प्रश्न

पत्र मुठीत धरून ट्वायला व्हर्ना स्टबलफील्डच्या ओसरीवर येऊन थडकली. ते तिनं पुढे केलं.

व्हर्नानं चष्मा चढवला. नर्सचा परवाना नाकारला होता. कारण, नावावर चोरीची शिक्षा. शिवाय अर्जातल्या चौदाव्या प्रश्नाला खोटं उत्तर.

"पण मिस व्हर्ना, मी गुन्हा कबूल केलाच नव्हता! नो कॉन्टेस्ट म्हटलं. लढत नाही, एवढंच."

"अगं बये, लढत नाही म्हटलं की कोर्ट शिक्षा ठोकतं, आणि ती नोंद जन्माची चिकटते." जॉर्जियातल्या त्या गावच्या कोर्टात व्हर्नानं एकतीस वर्षं फायली सांभाळल्या होत्या. "नोंद राहत नाही, हे कुणी सांगितलं?"

"डार्लानं. कोर्टात तीच घेऊन गेली मला. येताना पीच कॉबलर खाऊ घातला."

डार्ला तिची जिवलग. वृद्धाश्रमात दोघी बरोबरीनं राबलेल्या. डार्ला तर दोन वर्षांपूर्वी नर्सही झाली. गेल्या वर्षी तिथल्या मिसेस ऑस्ट्रँडर आजींची अंगठी हरवली आणि ट्वायलाच्या कामावरच्या कपाटात निघाली. झडतीच्या दिवशी ट्वायला रजेवर होती.

"कपाटाची चावी कुणाकडे?"

"माझ्याकडे. जादाची डार्लाकडे. मी वेंधळी ना!"

दुसऱ्या दिवशी व्हर्ना कोर्टात गेली. ट्वायलाच्या फायलीत पोलिसानं लावलेल्या पुराव्याच्या लिफाफ्याचं सील अजून शाबूत होतं. कारकुनाकडून तिनं तो रीतसर उघडून घेतला.

रविवारी चर्च सुटल्यावर डार्ला ओसरीवर आली. व्हर्नानं गोड गार चहा पुढे केला.

"अंगठी सापडली तेव्हा तू तिथे होतीस?"

"छे! कपाट पोलिसानं एकट्यानं उघडलं. बिचारी ट्वायला! मोज्यात गुंडाळून कोण ठेवतं गं अंगठी?"

"कसल्या मोज्यात?"

डार्लाचा पेला ओठांशीच थांबला.

"खटला चाललाच नाही," व्हर्ना शांतपणे म्हणाली. "पुरावा कुणी पाहिला नाही, साक्षी झाल्या नाहीत. मोज्याचा फोटो त्या लिफाफ्यातून मी परवा पहिल्यांदा बाहेर काढला. मोज्याचं ट्वायलालासुद्धा ठाऊक नव्हतं. अंगठी तूच उचललीस. झडतीची कुणकुण लागली, तू घाबरलीस, तिच्या कपाटाची चावी जवळ होतीच. मग तिनं लढू नये म्हणून तिला पटवलंस. लढली असती, तर शपथेवर तुलाच उभं केलं असतं."

"मला वाटलं, दंडावर भागेल..."

इतका वेळ दाराआडून ऐकणारी ट्वायला ओसरीवर आली.

"तू हाच अर्ज माझ्याआधी भरलास, डार्ला. दोषी ठरलात का, किंवा नो कॉन्टेस्ट म्हणालात का. चौदावा प्रश्न. वाचला होतास ना?"

डार्लानं पेला खाली ठेवला.

"मी 'नाही' लिहिलं, तेव्हा तू शेजारी बसली होतीस."

फाटकापाशी व्हर्नानं बोलावलेल्या शेरीफची पोलीसगाडी थांबली. शिक्षा रद्द करायचा अर्ज व्हर्नानं टाईप करून ठेवला होता. न्यायाधीश ऐकतील की नाही, ते तीही छातीठोक सांगू शकत नव्हती.

ट्वायलानं हात पुढे केला. "चावी दे."

डार्लानं जुडगा काढला. चावी अजून त्यातच होती, लाल दोऱ्यात. तो दोरा ट्वायलानंच बांधला होता.