विदाला गाडीतलं काही कळत नाही

त्या दिवशी विदाच्या हातात पाना होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण तिनं तो खाली ठेवला म्हणून घडलं.

सप्टेंबरचा भुरभुर पाऊस पडत होता. त्रोयान गावाहून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तिची निळी गाडी उभी होती. वडिलांमागं राहिलेली ही गाडी, वयानं विदापेक्षा तीन वर्षांनी मोठी. खड्ड्यातून जाताना पुढच्या उजव्या चाकातून ठक्क आवाज आला आणि स्टिअरिंग हातात सैल पडलं. विदानं खाली उतरून चाक दोन्ही हातांनी हलवलं आणि रोग ओळखला. स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं टोक झिजलं होतं, आणि सस्पेन्शनचे रबरी बुशही गेले होते. स्तामेन मेकॅनिकची मुलगी ती! तिला काय कळायला वेळ लागतोय?

"थांबा, थांबा! हात नका लावू!"

बसथांब्यावरून एक उंच तरुण छत्री सावरत धावत आला. आला आणि छत्री स्वतःच्या डोक्यावर धरायची सोडून चाकावर धरून उभा राहिला. केसांतून पाणी निथळत होतं, चष्मा धुकटलेला... शाळेत नुकताच आलेला इतिहासाचा मास्तर, कालिन.

"चाकाला सर्दी होत नाही," विदा म्हणाली.

"मला होते, पण माझं काय एवढं!" तो हसला. "तुम्हाला यातलं काही कळतं का?"

आता खरं उत्तर काय अवघड होतं? पण मागच्याच वर्षी तिनं एका उमद्या मुलाच्या गाडीचा क्लच वीस मिनिटांत नीट करून दिला होता. त्यानं आभार मानले आणि पुन्हा कधी फोन केला नाही. त्याच्या आधीचाही असाच गेला होता. आणि हा समोरचा भिजत होता, हसत होता, आणि त्याच्या डोळ्यांत मदत करण्याची एवढी हौस होती...

"मला? छे! मला गाडीतलं काही कळत नाही," विदा म्हणाली आणि पाना हळूच गवतात ठेवला.

गाडी ओढून घरी आणली, दुरुस्ती कालिननं अंगावर घेतली, आणि मग शनिवार सुरू झाले. कालिननं जुन्या बाजारातून त्या गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक आणलं. विदाच्या अंगणातल्या गॅरेजात बाबांची हत्यारं होती, गाडीखाली उतरायला खड्डा होता. शेजारीपाजारी हिवाळ्यासाठी लाल मिरच्या भाजायचे, त्याचा खरपूस वास गॅरेजभर भरून राहायचा. तो पुस्तक वाचायचा, ती दिवा धरायची. अहो-जाहो दुसऱ्याच शनिवारी गळून पडलं.

"हे टोक आता फिरवून काढायचं," कालिन खड्ड्यातून म्हणाला. "जितक्या फेऱ्यांत जुनं निघेल, तितक्याच फेऱ्यांत नवं बसवायचं. नाहीतर सरळ रस्त्यावर गाडी तिरकी चालते. मोज हं नीट."

"आणि मोजणारीच तिरकी निघाली तर?"

"तर फिरवणाऱ्याचं काही खरं नाही." तो फिरवू लागला. मध्येच थांबला. "तुझ्या गालाला ग्रीस लागलंय."

"कुठं?"

"इथं..."

लागलेलं मुळीच नव्हतं. त्याचं बोट फिरलं तेव्हा लागलं. विदानं चिंधी फेकून मारली, त्यानं ती झेलली आणि तो पुन्हा फिरवू लागला.

"अठरा झाले ना?" शेवटी टोक हातात घेऊन त्यानं विचारलं.

झाले होते एकवीस. विदाचा गाल तापला होता, कान तापले होते, पण मोजणं चुकलं नव्हतं. हाडाची मेकॅनिक ती.

"अठराच," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती दार लावून खड्ड्यात उतरली. टोक आणखी तीन फेरे आत घेतलं. नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार घालायची छोटी कॉटर पिन हा गडी विसरलाच होता. ती घालून तिची टोकं वाकवली. बुशचे बोल्ट त्यानं चाक हवेत लोंबकळत असतानाच आवळून टाकले होते. तसं केलं की गाडी खाली आल्यावर रबराला पीळ बसतो आणि ते फाटतं. विदानं बोल्ट सैल केले, गाडी जमिनीवर आणली, चाकांवर वजन येऊ दिलं आणि मग पुन्हा आवळले. हे सगळं ती गुणगुणत करत होती. शहाणी मुलगी, पण प्रेमात पडली की अक्कल गहाण पडते, दुसरं काय!

असं प्रत्येक शनिवारी झालं. डाव्या बाजूलाही तो पिन विसरला. तिनं ती घातली.

सांगायचा प्रयत्न तिनं केला नाही असं नाही. "कालिन, एक बोलू?" तिनं तिसऱ्या शनिवारी विचारलं.

"आधी मी," तो ग्रीसनं माखलेले हात बघत म्हणाला. "आमच्या घरी सगळे म्हणायचे, याच्या हातून भिंतीत खिळासुद्धा सरळ जायचा नाही. आणि आता बघ... मी हातानं केलेलं काहीतरी चालतंय, विदा! हं, तू काय म्हणत होतीस?"

"कॉफी घेणार का?" विदा म्हणाली.

वार्षिक तपासणीत गाडी बिनबोभाट पास झाली. तपासनीस प्रोदान म्हणजे तिच्या बाबांचा जुना दोस्त. त्यानं खाली दिवा फिरवून बघितलं आणि म्हणाला, "काम कुणाचं? हात ओळखीचा वाटतो."

"यांचं," विदानं कालिनकडे बोट दाखवलं. प्रोदाननं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसून शिक्का मारला.

त्या संध्याकाळी नदीच्या पुलावर कालिननं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. "पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो," तो म्हणाला. "तिला तुझं नावसुद्धा सांगितलं नाही, म्हटलं प्रत्यक्षच दाखवतो. एवढंच सांगितलंय, की मुलीला गाडीतलं काही कळत नाही आणि मी शिकवतोय."

विदा खरं काय ते सांगणारच होती. पण त्यानं तिला जवळ ओढलं... आणि ते सांगणं राहूनच गेलं.

रविवारी तिनं चीज भरलेली खुसखुशीत बनित्सा भाजली, नवा पोशाख घातला आणि खिडकीत बसली. बनित्सा थंड झाली. कुणीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कालिन आला तो थेट गॅरेजात. टायरवर बसला.

"आईच्या गाडीतही असाच आवाज येत होता. म्हटलं, तुझ्याकडे यायच्या आधी तीही दुरुस्त करू. शनिवारी गावी जाऊन केली. काल उतारावर स्टिअरिंग फिरवतोय, आणि चाकं ऐकेचनात! अक्रोडाच्या झाडावर गेलो. मला खरचटलंसुद्धा नाही. आईचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. शिवणकामावर घर चालतं गं तिचं... " त्यानं चष्मा काढून बाहीला पुसला. "नट सुटला होता म्हणे. कसा सुटला? मी तुझ्या गाडीसारखंच केलं होतं, विदा. अगदी तस्संच!"

गप्प राहिली असती तर तो तिचाच राहिला असता, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. त्याला धीर देऊन, डोकं कुशीत घेऊन, सुट्या भागांवर खापर फोडून मोकळं होता आलं असतं. पण मग तो जन्मभर स्वतःचेच हात कोसत राहिला असता.

"तू पिन घालायला विसरलास," ती म्हणाली. "माझ्या गाडीतही विसरला होतास. तू गेल्यावर मी घातल्या... बोल्टही मीच पुन्हा आवळले. दर शनिवारी."

कालिननं मान वर केली. "तुला... कळतं यातलं?"

"सगळं."

बाहेर कुणाच्या तरी अंगणात मिरच्या तडतडत होत्या.

"मग हसत असशील मला."

"एकदाही नाही रे! शपथ."

"हसली असतीस तर बरं झालं असतं," कालिन हळूच म्हणाला. "वर्गात चूक केली आणि सगळी पोरं हसली, की ती चूक पुन्हा होत नाही. मी रोज बघतो. तू एकदा हसली असतीस, विदा, तर माझी आई आज शिवत बसली असती."

तो गेला. दार त्यानं आपटलं नाही. आपटलं असतं तर तिला रडता तरी आलं असतं.

नोव्हेंबरात विदा हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्या गावी गेली. तिथं मेकॅनिक नव्हता आणि आईला दर आठवड्याला इस्पितळात न्यावं लागत होतं. फाटक कालिननंच उघडलं. तो बारीक झाला होता. "या," तो म्हणाला. विदाला तो 'या' फार लागला.

"कोण गं बाई?" आईनं ओसरीवरून विचारलं.

"स्तामेन मेकॅनिकची मुलगी," कालिन म्हणाला. "गाडी बघायला आल्यात." आणि तो लाकडं फोडायला मागं गेला.

विदा गाडीखाली शिरली. कालिनची आई, त्सोनामावशी, प्लास्टरातला हात सांभाळत जवळच स्टूल टाकून बसल्या. बाई बोलक्या.

"तुझ्यासारखी पोर हवी होती आमच्याकडे. याची एक होती म्हणे तुमच्या त्रोयानात. तिला बिचारीला काही कळायचं नाही, हाच शिकवायचा. काय खुशीत असायचा गं! आता नावही काढू देत नाही. तू ओळखतेस का तिला?"

"ओळखते," विदा गाडीखालून म्हणाली.

"काय केलं तिनं?"

"खोटं बोलली, मावशी. येत असून येत नाही म्हणाली."

"हात्तिच्या! एवढंच?" त्सोनामावशी खळखळून हसल्या. "लग्नाआधी आम्ही सगळ्याच बोललो की ते! मला नांगर धरता यायचा, पण सासरच्यांना कळू दिलं का मी? पुरुषमाणसाला जरा बरं वाटतं. त्यात कुणाचं काय बिघडलं?"

विदाला तिथून फक्त त्यांचे पाय आणि मांडीवर टेकलेलं पांढरं प्लास्टर दिसत होतं. तिनं पिन आरपार घातली आणि तिची टोकं वाकवली.

काम संपवून ती बाहेर आली, हात पुसले. "झालं," ती म्हणाली. "अगदी पक्कं आहे."

"फार आभारी आहे," कालिन म्हणाला. मग त्यानं तिच्याकडे न बघता हात पुढं केला आणि दिवा मागितला. तिनं दिला. तो पाठीवर आडवा झाला, गाडीखाली सरकला आणि तिनं आवळलेला एकेक बोल्ट स्वतः हात लावून तपासू लागला. विदा पिशवी धरून उभी राहिली. त्याचं काही चुकत नव्हतं. आई त्याच गाडीत बसणार होती.