मरोळच्या दगडाची हद्द

मी जमीन मोजते. सरकारी नोकरीत चौदा वर्षं झाली, पण जमीन वाढलेली कधी पाहिली नाही. कागदावर वाढते, ती गोष्ट वेगळी.

मरोळच्या गावठाणात मार्सेलिना आंटीचं बैठं घर आहे. दारात क्रूस, मागे केळी, दोरीवर बोंबील. केळींपलीकडे सात मजली सोसायटी. मधल्या भिंतीवरून दोघांचं भांडण, म्हणून मोजणी लागली. हद्दीवर एक जुना दगड उभा होता. वर सूर्य-चंद्र, मध्ये अक्षरं, खाली गाढव.

"हा दगड आमच्या बाजूला सरकतोय," सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश राणे म्हणाले. "म्हातारी ढकलते."

दगड दोन-तीनशे किलोचा. आंटी सत्तरीची, गुडघ्याला पट्टा. "माझ्याच्यानं गॅसचा सिलिंडर हलत नाय, पोरी," ती म्हणाली.

मी मशीन लावलं. दगड नकाशातल्या जागेपेक्षा चार मीटर आत, सोसायटीत होता. माती उकरल्याची खूण नव्हती, पायथ्याशी जुनं शेवाळ होतं. मी आधीच्या मोजणीदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

लेख वाचायला अनिरुद्धला बोलावलं. तो माझा कॉलेजातला मित्र, जुन्या लिपी शिकवतो. अक्षरांवर पीठ चोळून तो तासभर वाकून बसला. हजार वर्षांपूर्वीचा कुणी छोटा सामंत, बारा गावांचा धनी. मोठ्या राजाला त्याने कळवलं की आजपासून मी तुझा नाही, आणि हा दगड रोवला. पुढे बाराची चाळीस गावं झाली.

"लढाया करून?" मी विचारलं.

"लढाईचा उल्लेखच नाही." त्याने चष्मा पुसला. "दगड जिथे गेला, तिथल्या लोकांना आपण आधी कुणाचे होतो ते आठवेना, असं लिहिलंय."

"आणि गाढव?"

"हद्द न मानणाऱ्याला शाप. आंटींसमोर वाचवत नाही."

"वाच रे. चाळीस वर्षं मासळी विकलीय मी."

त्याने हळू आवाजात वाचला. आंटीने ऐकून घेतला. "यापेक्षा वाईट मी चंद्रप्रकाशला रोज बोलते," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात फेरमोजणीला गेले. दगड सोसायटीच्या पार्किंगमध्ये, राणेंच्या गाडीच्या जागी उभा होता. भोवतीचा एकही पेव्हर ब्लॉक फुटला नव्हता. राणे आंटीच्या ओट्यावर चहा पीत बसले होते.

"तुमची भिंतीची तक्रार," मी फाइल उघडली.

"भिंत कशाला, मॅडम? आम्ही सगळे एकाच धन्याचे." 'आम्ही मूळचे कणकवलीचे' असं सांगावं, तितक्या सहज ते बोलले.

मी आंटीला बाजूला घेतलं. "यांना काय झालंय?"

"त्याला आत्ता कळलं," आंटी कपात बटर बुडवत म्हणाली. "मी पहिल्यापासून धन्याचीच."

अहवालात मी 'जमीन खचल्यामुळे फरक' असं लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली.

गुरुवारी मेट्रोतून खाली पाहिलं, तर दगड साकीनाक्याला, वडापावच्या गाडीशेजारी. सोमवारी असल्फ्याला. जुन्या पिंपळाला वळसा घालावा तशी माणसं त्याला वळसा घालत होती. कुणी मान वळवून बघत नव्हतं.

आम्ही घाटकोपरला राहतो. असल्फ्यापासून दोन स्टेशनं.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "सुयोग, थोडे दिवस चिपळूणला जाऊ या. आईंकडे."

"अचानक?"

मी दगडाचं सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "तुला रजेची गरज आहे गं. शनिवारी निघू."

शुक्रवारी सकाळी सहाला मला जाग आली. नऊच्या आत कधी न उठणारा सुयोग अंघोळ करून बुटांच्या नाड्या आवळत होता.

"कुठे निघालास?"

"घरटी एक माणूस मागितलाय ना. विक्रोळी अजून आपली नाही."

"कुणी मागितलाय?"

चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्याकडे बघावं, तसं तो माझ्याकडे प्रेमाने बघत राहिला.

"यावेळी मी जातो. पुढच्या वेळी तू जा."

खिडकीखाली बिल्डिंगमधली माणसं रांगेत उभी होती. रांग पार नाक्यावरच्या दगडापर्यंत गेली होती.

त्याला अडवायला हवं होतं का, याचा मी नंतर विचार केला. नीट आठवत नाही.

मी डबा भरून दिला. दोन दिवसांचा.