ताई थांबायच्या तिथे

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पुढे वाचू नका, मला कुणाची मनधरणी करायची नाही. ज्या सकाळी हे घडलं, त्या सकाळी स्टुडिओत बसलेली बाई माझी सख्खी मावसबहीण आहे. तिने हे मला रडत सांगितलं नाही. दात खात सांगितलं. तेवढं लक्षात ठेवा.

टीव्हीवर सकाळच्या बातम्या ती देते.

तिच्या आधी त्या ताई द्यायच्या. ताई म्हणजे सगळ्यांच्याच ताई. कॅमेरावाल्याच्या, मालकाच्या, घरोघरच्या. वर्षानुवर्षं तीच खुर्ची, तोच चेहरा. आणि त्या ताई म्हटल्यावर माझी बहीण झाली 'छोटी'. पस्तिशी उलटली तरी छोटीच. ताई रजेवर असल्या तर खुर्चीत, नाहीतर नकाशासमोर उभी राहून हवामान सांगायला.

छोटी ताईंवर जळायची. त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण खरी आग घरात होती. तिची आई, म्हणजे माझी मावशी, लेकीचं हवामान सुरू झालं की स्वयंपाकघरात जायची. ताई दिसल्या की ओले हात पुसत बाहेर यायची.

"वाचावं तर हिने," म्हणायची. लेकीच्या तोंडावर.

मग ताई वारल्या.

खुर्ची छोटीला मिळाली, पण कच्ची. वरची मंडळी काही दिवस बघून ठरवणार होती, हिला ठेवायचं की दुसरी आणायची.

ताईंची एक लकब होती. कुणाच्या मृत्यूची बातमी आली की वाचण्याआधी त्या थांबायच्या. एकच श्वास. मग घसा अगदी हलका साफ करायच्या आणि वाचायच्या. लोक त्या एका श्वासावर जीव टाकायचे. छोटी मात्र हट्टाने थांबायची नाही. मी काय तिची नक्कल आहे का, म्हणायची.

आणि मग पहिली खूण दिसली...

बातम्या देणाऱ्यासमोर काचेवर अक्षरं सरकत असतात. त्याला प्रॉम्प्टर म्हणतात. तो चालवणारा माणूस वाचणाऱ्याचा आवाज ऐकत अक्षरं पुढे नेतो. वाचणारी थांबली की तो थांबतो. त्या दिवशी एका अपघाताची बातमी आली. छोटी न थांबता वाचत गेली...

आणि अक्षरं थांबली.

एक श्वास.

मग पुन्हा सरकली.

ती अडखळली. सगळ्यांनी बघितलं. कार्यक्रम संपल्यावर ती प्रॉम्प्टरवाल्यावर उखडली. 

"मॅडम, तुम्ही थांबलात म्हणून मी थांबलो."

"मी थांबले नव्हते."

"असं कसं? मला ऐकू आलं ना. श्वास घेतलात तुम्ही."

पुढच्याच आठवड्यात माइक तपासताना आवाजवाल्याने अंगठा वर केला. येतोय आवाज, मस्त.

छोटीने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मग एकदा बातम्या सुरू व्हायच्या आधी, तिच्या कानातल्या यंत्रात... कुणीतरी घसा साफ केला.

हलकेच.

कोण खोकलं, तिने कंट्रोल रूमला विचारलं. इथे सगळे चिडीचूप बसलेत, प्रोड्यूसर म्हणाला.

दुसरी कुणी असती तर काम सोडून घरी बसली असती. ही चिडली. मेली तरी हिला खुर्ची सोडवत नाही, असं ती रिकाम्या स्टुडिओत मोठ्याने बोलली. दारातून येणाऱ्या मेकअपवालीने ते ऐकलं आणि तिच्या हातातला पावडरचा डबा खाली पडला.

आता ती सकाळ.

वरची मंडळी कंट्रोल रूमच्या काचेमागे येऊन बसली होती. आजच ठरणार होतं. पहिलीच बातमी मोठी. पहाटे एका कारखान्याला आग लागली होती, माणसं गेली होती. छोटीने ठरवलं, आज धाडधाड वाचायचं. श्वासबिस काही घ्यायचा नाही.

लाल दिवा लागला.

तिने तोंड उघडलं...

आवाजच आला नाही.

कुणी आतून घशावर हात ठेवावा तसं झालं. जीभ हलेना. आणि समोर अक्षरं सरकू लागली. सावकाश. माणसं गेल्याच्या ओळीपाशी येऊन थांबली... एक श्वास... पुढे निघाली.

कानात कुणी ओरडलं नाही. कॅमेरावाला जागचा हलला नाही. प्रॉम्प्टरवाला तर बाहीने डोळे पुसत होता.

बातम्या संपेपर्यंत आपण मुक्याने बसून होतो, असं ती शपथेवर सांगते.

दिवा विझला तसे सगळे धावत आले. वरच्या साहेबांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, खुर्ची तुमची. तेवढ्यात मावशीचा फोन.

"अगं, काय वाचलंस आज! मला वाटलं ताईच बसल्यात."

"आई, मी बोललेच नाही."

पुरे झाला लाडिकपणा, म्हणत मावशीने हसत फोन ठेवला. जन्मात पहिल्यांदा आईने कौतुक केलं. तेही कुणाचं?

तिने रेकॉर्डिंग बघितलं. ओठ तिचे हलत होते. आवाज तिचा.

थांबणं ताईंचं.

तेव्हापासून रोज असंच. ती बसते, तोंड उघडते, पुढचं आपोआप होतं. रस्त्यात लोक ओळखतात. मावशी शेजारणींना बोलावून टीव्ही लावते. आणि छोटी आतल्या आत धुमसते.

मग एकदा तिला ताप भरला. पांघरूण घेऊन ती आईशेजारी टीव्हीसमोर बसली. खुर्चीत हवामान सांगणारी नवी मुलगी होती, कालपरवा आलेली. आता हिची फजिती बघू, छोटीला वाटलं. कुणा म्हाताऱ्या गायकाच्या निधनाची बातमी आली.

ती मुलगी थांबली...

एक श्वास.

घसा हलकेच साफ केला.

"ही पोरगी तुझ्यापेक्षा बरी वाचते गं," मावशी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

तुम्हाला वाटेल छोटी घाबरली. छे. पेटली. दुसऱ्या दिवशी अंगात ताप घेऊन कामावर गेली. त्यानंतर तिने एकही रजा घेतलेली नाही.

"माझ्याकडे यायची ती," मला म्हणाली. "त्या कालच्या पोरीकडे जायचं काय कारण?"

हे सगळं ती तिच्या घरी, भर दुपारी, तावातावाने सांगत होती. मी सहज विचारलं, त्या मुलीचं पुढे काय झालं?

छोटी थांबली.

एक श्वास घेतला. घसा हलकेच साफ केला...

"वारली ती," म्हणाली. "मागच्याच आठवड्यात."

मी उठलो. काम आहे म्हटलं. दारात चपला घालत होतो, तेवढ्यात मागून तिची हाक आली.

"अरे, तुला एक सांगायचं राहिलंच..."

आणि ती थांबली.

मी थांबलो नाही. दार ओढून घेतलं आणि धडाधड जिने उतरलो. तिचे फोन येतात अजून.

मी उचललेले नाहीत.